एचपीएलसीमध्ये यूव्ही तरंगलांबी कशी ठरवायची: नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

एचपीएलसीची, म्हणजे द्रावणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजायच्या तंत्राची, नवी मेथड बसवायची झाली, की नवखा माणूस कॉलमचा विचार करतो, मोबाइल फेजचा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाचा करतो, पीएचवर दिवसच्या दिवस घालवतो आणि डिटेक्टरच्या रकान्यात २५४ नॅनोमीटर लिहून मोकळा होतो. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: सगळे हेच वापरतात. हा आकडा मुळात दिव्यामुळे रूढ झाला. सुरुवातीचे यूव्ही डिटेक्टर कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यावर चालत आणि त्या दिव्याचा बहुतेक प्रकाश २५३.७ नॅनोमीटरच्या एकाच रेषेत येई. तेव्हा निवड करायला जागाच नव्हती. आजच्या डिटेक्टरमधला ड्यूटेरियम दिवा १९० पासून साधारण ४०० नॅनोमीटरपर्यंत सलग प्रकाश देतो. हातात एवढा पट्टा असताना जुन्या दिव्याचा निर्णय आपण का पाळायचा?

दुसरी सवय थोडी शहाणी वाटते, पण तीही अपुरी आहे. पुस्तकात रेणूचं लॅम्डा मॅक्स, म्हणजे जिथे शोषण सर्वाधिक असतं ती तरंगलांबी, शोधायची आणि तीच टाकायची. माझं सांगणं असं, की योग्य तरंगलांबी एकट्या रेणूवरून ठरत नाही. तुम्हाला काय मोजायचं आहे, मोबाइल फेज स्वतः किती प्रकाश खातो आणि नमुन्यात आणखी कोण कोण आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहूनच ती ठरते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

पायरी १: प्रश्न कागदावर लिहा

गोळीतल्या मुख्य औषधाचं प्रमाण काढायचं आहे, की त्याच औषधातली ०.१ टक्क्याची अशुद्धी पकडायची आहे? दोन्हींसाठी एकच तरंगलांबी चालेलच असं नाही.

ॲस्पिरिनचं उदाहरण घ्या. आम्लधर्मी द्रावणात ॲस्पिरिनचं एक ठळक शिखर २३० च्या आसपास आणि एक बरंच लहान २७६ च्या आसपास असतं. ॲस्पिरिन तुटून तयार होणारं सॅलिसिलिक आम्ल मात्र ३०३ च्या आसपास चांगलं शोषण दाखवतं आणि तिथे ॲस्पिरिन जवळजवळ गप्प असतं. तेव्हा फक्त सॅलिसिलिक आम्ल शोधायचं असेल तर ३०३ उत्तम. तिथे मुख्य पीक, म्हणजे डिटेक्टरच्या आलेखात त्या घटकाचा उंचवटा, लहान होतं आणि शेजारची अशुद्धी त्याच्या पोटात हरवत नाही. पण ॲस्पिरिनमधल्या सगळ्याच अशुद्धी पाहायच्या असतील, तर ३०३ वर तुम्ही बाकीच्यांकडे पाठ फिरवून बसलात. रेणू तोच, नमुना तोच. प्रश्न बदलला की तरंगलांबी बदलली.

पायरी २: रेणूची रचना वाचा

मशीनला हात लावण्याआधी रचनेचं चित्र समोर ठेवा आणि प्रकाश शोषणारा भाग, म्हणजे क्रोमोफोर, शोधा. बेंझिनची कडी आहे का? दुहेरी बंध एकाआड एक आले आहेत का? जितकी साखळी लांब, तितकं शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. दोन दुहेरी बंधांचं साधं ब्यूटाडाइन २१७ वर शोषतं, पाच बंधांची साखळी असलेलं रेटिनॉल ३२५ वर, आणि कॅरोटिनॉइड ४५० च्या आसपास, म्हणूनच ते डोळ्यांना केशरी दिसतात. प्रथिनांतला पेप्टाइड बंध २०५ ते २२० या पट्ट्यात पकडता येतो, ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन २८० ला, आणि न्यूक्लिक आम्लं २६० ला.

इथे २५४ बद्दल आणखी एक गोष्ट. साध्या बेंझिनचं २५४ वरचं शोषण अगदी क्षीण आहे. तिथली मोलर शोषकता (ठरावीक सांद्रतेला रेणू किती प्रकाश शोषतो त्याचं माप) सुमारे २००, तर २०४ वर सुमारे ७४००, म्हणजे तीसपटींहून अधिक. ज्या औषधात एकच कडी आहे आणि तिला जोडून दुहेरी बंध नाहीत, तिथे २५४ निवडणं म्हणजे बहुतेक सिग्नल सोडून देणं. आयबुप्रोफेन असंच आहे: २६४ च्या आसपास पुसट उंचवटे आणि २२० च्या आसपास दणकट शोषण. साध्या कीटोनचं २८० जवळचं शिखरही नावापुरतंच असतं. त्याची मोलर शोषकता १५ च्या घरात असते. त्यामुळे शिखर कुठे आहे याबरोबर ते किती उंच आहे हेही पाहा.

रचनेत असं काहीच सापडलं नाही, जसं साखरा, संतृप्त मेद किंवा बरीचशी अमिनो आम्लं, तर यूव्हीशी झगडत बसू नका. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, इव्हॅपोरेटिव्ह लाइट स्कॅटरिंग, चार्ज्ड एरोसोल किंवा मास डिटेक्टरकडे वळा. नाहीतर रेणूला क्रोमोफोर चिकटवा. अमिनो आम्लांची ओपीए या अभिकर्मकाशी अभिक्रिया करून डेरिव्हेटिव्ह केली की ती ३३८ ला दिसतात, एफमॉक या अभिकर्मकाशी केली की २६२ ला.

पायरी ३: स्पेक्ट्रम स्वतः घ्या, आणि मोबाइल फेजमध्येच घ्या

पुस्तकातलं लॅम्डा मॅक्स बहुधा मेथेनॉलमधलं किंवा सौम्य आम्लातलं असतं. तुमचा पदार्थ डिटेक्टरच्या सेलमधून जाताना तुमच्या बफरमध्ये, तुमच्या पीएचला असतो. आयनीभवन होणाऱ्या पदार्थांत हा फरक फार मोठा पडतो. पॅरा-नायट्रोफिनॉल आम्लात ३१७ ला शोषतं आणि अल्कलीत ४०० ला, आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनित होतात तो आकडा) ७ च्या जवळ आहे; म्हणजे ७ पीएचच्या बफरमध्ये दोन्ही रूपं जवळपास निम्मी-निम्मी असतात आणि पीएच जरा हलला की शोषणही हलतं. ॲनिलिनचं उलटं. तटस्थ रूपात २३० आणि २८० ला शिखरं, आणि आम्लात प्रोटॉन घेतला की ती २०३ आणि २५४ ला, तीही दुबळी. कमी पीएचच्या मोबाइल फेजमध्ये ॲमिन गट असलेल्या ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी कडी असलेल्या) संयुगाचं पीक एकाएकी लहान झालं, तर इंजेक्टरवर संशय घेण्याआधी हे आठवा.

डायोड अरे डिटेक्टर, म्हणजे सगळ्या तरंगलांबी एकाच वेळी मोजणारा, असेल तर काम सोपं आहे. स्टँडर्ड इंजेक्ट करा, १९० ते ४०० चा स्पेक्ट्रम साठवा आणि पीकच्या टोकावरचा स्पेक्ट्रम बघा. पदार्थ रंगीत असेल तर वरची मर्यादा वाढवा. डायोड अरे नसेल तर साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोबाइल फेजमध्ये द्रावण करा, ब्लँक म्हणून तोच मोबाइल फेज ठेवा आणि सांद्रता अशी घ्या की शिखरावरचं शोषण साधारण ०.३ ते १ या टप्प्यात येईल. ग्रेडियंट मेथड, म्हणजे द्रावकांचं प्रमाण धावेदरम्यान बदलत जाणारी, असेल तर पीक बाहेर पडतं त्या वेळी सेलमध्ये पाणी आणि सेंद्रिय द्रावकाचं जे प्रमाण असतं, त्या प्रमाणात स्पेक्ट्रम घेतलेला बरा.

एक सापळा ओळखून ठेवा. अगदी डावीकडे, २०० च्या आसपास, वक्र वर चढतो आणि अचानक खाली वळतो. नवखे तिथे शिखर आहे असं मानून २०२ किंवा २०४ निवडतात. पुष्कळदा ते शिखर खोटं असतं. तिथे द्रावकच प्रकाश खाऊ लागतो, डिटेक्टरपर्यंत उपयोगाचा प्रकाश पोचत नाही आणि भटका प्रकाश वक्राला खाली ओढतो. ब्लँकचं स्वतंत्र शोषण पाण्याच्या तुलनेत तपासलं, की खरंखोटं लगेच कळतं.

पायरी ४: मोबाइल फेज कुठपर्यंत पारदर्शक आहे ते पाहा

नवख्यांच्या मेथड सर्वांत जास्त इथेच बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत्येक द्रावकाला एक यूव्ही कटऑफ असतो. १ सेंटिमीटरच्या सेलमध्ये द्रावकाचं स्वतःचं शोषण १ होतं ती ही तरंगलांबी. शोषण १ म्हणजे ९० टक्के प्रकाश द्रावकानंच गिळला. एचपीएलसीच्या नेहमीच्या फ्लो सेलची लांबीही १० मिलिमीटरच असते, त्यामुळे हा आकडा थेट लागू पडतो. कटऑफवर काम करणं म्हणजे धुक्यात दिवा लावून माणूस ओळखणं. किमान १० ते २० नॅनोमीटर वर राहा.

ॲसिटोनायट्राइलचा कटऑफ १९०, मेथेनॉलचा २०५, आयसोप्रोपॅनॉलचा २०५, टीएचएफचा (टेट्राहायड्रोफ्युरानचा) २१२. पाणी १९० च्याही खाली पारदर्शक. इथाइल ॲसिटेटचा २५६ आणि ॲसिटोनचा तर ३३०, म्हणून हे दोन यूव्हीच्या मोबाइल फेजमध्ये सहसा दिसत नाहीत. (ज्या शोषणामुळे ॲसिटोन द्रावक म्हणून बाद होतो, तेच ग्रेडियंट पंप तपासताना कामी येतं. ब चॅनलमध्ये, म्हणजे पंपाच्या दुसऱ्या द्रावकात, थेंबभर ॲसिटोन टाकून २६५ च्या आसपास ग्रेडियंटचा आकार आणि विलंब पाहता येतो.) टीएचएफमध्ये स्थिरक म्हणून बीएचटी असेल तर कटऑफ आणखी वर जातो, बाटलीवरचं लेबल वाचा.

निष्कर्ष सरळ आहे. २१० किंवा २१५ वर काम करायचं ठरलं तर ॲसिटोनायट्राइलच घ्या. मेथेनॉल घेऊन २१० वर ग्रेडियंट चालवला तर बेसलाइन (पीक नसतानाची आलेखाची रेषा) डोंगरासारखी चढेल आणि शेवटची लहान पीकं तुम्हाला मोजता येणार नाहीत. आयसोक्रॅटिक (द्रावकांचं प्रमाण न बदलणाऱ्या) मेथडमध्ये हे शोषण कायम असल्यामुळे ते शून्य करून टाकता येतं, पण प्रकाश कमी झालेला असतोच आणि नॉइज, म्हणजे बेसलाइनची थरथर, वाढलेला असतोच.

बफरही तपासा. कमी तरंगलांबीला फॉस्फेट सर्वांत निर्मळ, २०० च्या खालीही. फक्त ॲसिटोनायट्राइल फार वाढवलं तर तो खाली बसतो आणि मास डिटेक्टरला तो चालत नाही. ॲसिटेट, फॉर्मेट, फॉर्मिक आम्ल आणि टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल) यांचं नेहमीच्या प्रमाणात शोषण २१० च्या आसपास जाणवू लागतं. सायट्रेट २३० च्या खाली त्रास देतं, ट्रायइथाइलॲमिन २३५ च्या खाली. ट्रायइथाइलॲमिनची बाटली जुनी होऊन पिवळसर झाली असेल तर ती वापरूच नका. पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड टाकायची पद्धत कुठे कुठे आहे. कमी तरंगलांबीला तेही शोषतं. हवेतला विरघळलेला ऑक्सिजनसुद्धा २२० च्या खाली, विशेषतः मेथेनॉल आणि टीएचएफमध्ये, बेसलाइन हलवतो. डीगॅसर बिघडला की सर्वांत आधी २१० ची मेथड रडू लागते.

टीएफए वापरून पेप्टाइडचा ग्रेडियंट चालवणार असाल तर जुनी, खात्रीची युक्ती अशी: पाण्यात टीएफए ०.१ टक्का ठेवा आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये थोडं कमी, ०.०८५ ते ०.०९ टक्के. २१५ च्या आसपास बेसलाइन बरीच सपाट होते.

हे सगळं कागदावर मांडण्यापेक्षा एक ब्लँक (नमुना न घालता) ग्रेडियंट तुमच्या मनातल्या तीन-चार तरंगलांबींवर चालवा. अर्ध्या-पाऊण तासात तुमच्या द्रावकांचा, तुमच्या पाण्याचा आणि तुमच्या दिव्याचा खरा हिशोब समोर येतो.

पायरी ५: शिखर, उतार की दरी

आता स्पेक्ट्रम हातात आहे आणि खालची मर्यादाही कळली आहे. त्या मर्यादेच्या वर एखादं रुंद शिखर असेल तर ते पहिली पसंती. शिखरावर वक्र सपाट असतो, त्यामुळे डिटेक्टरची तरंगलांबी १ नॅनोमीटरनं सरकली तरी शोषण फारसं बदलत नाही. उतारावर मात्र दर नॅनोमीटरला ५ टक्के घट असेल, तर दोन मशीनमधला १ नॅनोमीटरचा फरक थेट ५ टक्क्यांचा होतो.

हा फरक कुठे बाधतो आणि कुठे नाही, तेही समजून घ्या. स्टँडर्ड आणि नमुना एकाच मशीनवर, एकाच दिवशी, एकाच तरंगलांबीला मोजले तर चूक दोघांत सारखीच येते आणि भागाकारात बरीचशी निघून जाते. म्हणून मुख्य घटकाच्या प्रमाणासाठी सौम्य उतार चालून जातो. अशुद्धी मात्र मुख्य घटकाच्या क्षेत्रफळाशी तुलना करून काढत असाल आणि दोघांचे स्पेक्ट्रम वेगळे असतील, तर चूक कटत नाही. मशीन बदललं की अशुद्धीचा टक्का बदलतो आणि मेथड दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली की तिथले लोक हैराण होतात. अशा कामात उतार टाळाच.

कधी कधी दरी मुद्दाम निवडावी लागते. मुख्य पदार्थ इतका सांद्र आहे की शिखरावर डिटेक्टर भरून जातो, पीकचं टोक सपाट होतं. शोषण २ ला फक्त १ टक्का प्रकाश पलीकडे पोचतो; त्याच्या पुढे सरळ रेषेची अपेक्षा करू नका. नमुना पातळ करता येत नसेल, कारण त्याच इंजेक्शनमध्ये लहान अशुद्धीही पाहायच्या आहेत, तर दोन शिखरांमधली सपाट दरी मुख्य पीकसाठी योग्य. तिथेही वक्र सपाटच असतो.

पायरी ६: घटक अनेक असतील तर

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम आणि कॅफीन ६५ मिलिग्रॅम अशा गोळ्या सर्वत्र मिळतात. पॅरासिटामॉलचं शिखर २४३ च्या आसपास, कॅफीनचं २७३ ला. कोणाचं घ्यायचं? मी २७३ घेईन. कॅफीन जवळजवळ आठपट कमी आहे, त्याला शिखराचा फायदा हवा. पॅरासिटामॉल तिथे कमी शोषतं, पण ते मुबलक आहे, त्याला ते परवडतं. २४३ वर मात्र कॅफीनची दरी आहे. तिथे मोठं आणखी मोठं आणि लहान आणखी लहान होईल. मिश्रणात तडजोड करताना दुबळ्या घटकाच्या बाजूनं झुकायचं, हा माझा सर्वसाधारण पवित्रा आहे.

डायोड अरे असेल तर तडजोडीचीही गरज नाही, दोन चॅनल नोंदवा. एकाच तरंगलांबीचा डिटेक्टर असेल तर मध्येच तरंगलांबी बदलण्याचा कार्यक्रम लावता येतो. बदल दोन पीकांच्या मधल्या रिकाम्या जागेत ठेवा आणि लगेच ऑटोझीरो लावा, नाहीतर बेसलाइनची उडी पीक म्हणून मोजली जाते. रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक बाहेर पडायची वेळ, थोडा सरकला तरी बदल पीकवर येणार नाही इतकी मोकळीक दोन्ही बाजूंना ठेवा.

अशुद्धींच्या मेथडमध्ये प्रत्येक अशुद्धीचा सापेक्ष प्रतिसाद, म्हणजे तिच्या कॅलिब्रेशन रेषेचा उतार भागिले मुख्य घटकाच्या रेषेचा उतार, जास्तीत जास्त १ च्या जवळ येईल अशी तरंगलांबी शोधा. हा गुणक ०.५ असेल तर ०.१ टक्का अशुद्धी ०.०५ टक्का दिसते. आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या क्यू३ए मार्गदर्शनात रोजचा डोस २ ग्रॅमपर्यंत असलेल्या औषधद्रव्यासाठी अशुद्धी नोंदवण्याची मर्यादाच ०.०५ टक्का आहे, म्हणजे एवढ्याशा फरकानं अशुद्धी नोंदीच्या काठावर येते. सर्व स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून पाहा. २१० ते २२० मध्ये बहुतेक सेंद्रिय रेणू काही ना काही शोषतात, त्यामुळे अज्ञात अशुद्धी तिथे सुटण्याची शक्यता कमी. किंमत म्हणून बेसलाइन तापट होते, आणि ती किंमत अशा कामात मोजावी असं मला वाटतं.

पायरी ७: डिटेक्टरच्या सेटिंगकडे दुर्लक्ष नको

बँडविड्थ, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या तरंगलांबींच्या पट्ट्याची रुंदी, ४ नॅनोमीटर ही सुरुवातीला सुरक्षित निवड. ती वाढवली की नॉइज कमी होतो, पण अरुंद शिखरांवर उंची घटते आणि रेषीयता बिघडू शकते.

डायोड अरेमध्ये रेफरन्स तरंगलांबी नावाची सोय असते. काही सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप चालू असते, उदाहरणार्थ ३६० ला १०० च्या रुंदीनं, म्हणजे ३१० ते ४१० च्या पट्ट्याची सरासरी मूळ सिग्नलमधून वजा होते. ग्रेडियंटचा ड्रिफ्ट त्यानं सुधारतो हे खरं. पण एखादा घटक त्या पट्ट्यात शोषत असेल तर त्याचं पीक गुपचूप लहान होतं किंवा उलटं पडतं. नवख्यानं ती बंदच ठेवावी.

पायरी ८: निवड पारखा

दोन-तीन उमेदवार तरंगलांबी घ्या आणि तुमच्या सर्वांत लहान अपेक्षित सांद्रतेचा नमुना प्रत्येकीवर पाहा. पीकच्या उंचीला भुलू नका, सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर काढा. २०५ वर पीक दुप्पट आणि नॉइज पाचपट झाला असेल, तर तुम्ही हरलात. परिमाणात्मक मोजणीच्या खालच्या टोकाला हे गुणोत्तर किमान १० हवं. मग प्लासिबो (मुख्य औषध सोडून बाकीचं मिश्रण) किंवा रिकामा नमुना चालवा आणि तुमच्या पीकच्या जागी काही उगवत नाही ना पाहा. शेवटी तरंगलांबी २ नॅनोमीटरनं वर आणि खाली करून निकाल किती हलतो ते नोंदवा. जास्त हलत असेल तर पायरी ५ कडे परत जा.

हे सगळं करताना डिटेक्टर खरोखर सांगितलेल्या तरंगलांबीवर आहे, याची खात्री हवी. बरेच डिटेक्टर ड्यूटेरियम दिव्याच्याच ४८६.० आणि ६५६.१ च्या रेषांवर स्वतःला जुळवतात. यूव्ही पट्ट्यात तपासायला कॅफीनचं पाण्यातलं द्रावण सोयीचं: शिखरं २०५ आणि २७३ ला, दरी २४५ ला. दिवा म्हातारा झाला की २२० च्या खालच्या मेथडना आधी झळ बसते, म्हणून दिव्याचे तास आणि ऊर्जा नोंदवहीत ठेवा.

मेथड लिहिताना नुसतं ‘यूव्ही २२० नॅनोमीटर’ लिहू नका. बँडविड्थ, रेफरन्स बंद की चालू, सेलची लांबी आणि डेटा नोंदवण्याचा वेग (पीकवर किमान २० बिंदू पडतील इतका) हेही लिहा. आणि त्याखाली दोन ओळींत कारण लिहा: ही तरंगलांबी का घेतली, कोणती सोडली, कोणत्या अशुद्धीमुळे सोडली. स्पेक्ट्रमची प्रतही त्याच पानाला जोडा. उद्या बफर बदलायची वेळ आली, तर पुढच्या माणसाला तपासणी कुठून सुरू करायची ते त्या पानावर मिळेल.